राजरक्ताची कथा आणि भिक्खूंची वाट : कोरियाच्या प्राचीन राज्यांतून एक रेल्वेप्रवास

भारत आणि कोरिया यांच्या प्राचीन संबंधांचा विषय निघाला की अलीकडे बहुधा एकच कथा सांगितली जाते. अयोध्येची एक राजकन्या समुद्रमार्गे कोरियात गेली, तेथील राजाशी तिचा विवाह झाला आणि आजच्या असंख्य कोरियन कुटुंबांचा वंश तिच्यापासून चालत आला, अशी ती कथा होय. दोन्ही देशांतील समारंभांत आणि भाषणांत तिचा उच्चार इतक्या वेळा झाला आहे की तिला इतिहासाचा दर्जा मिळाल्यासारखे वाटू लागले आहे. उलट ह्येचो या कोरियन भिक्खूचे नाव आपल्याकडील सुशिक्षित उपासकांनाही क्वचितच ठाऊक असते. हा उफराटा न्याय का झाला आणि त्या भूमीवरील अवशेष स्वतः काय सांगतात, हे पाहावे या हेतूने आम्ही तेथील तीन प्राचीन राज्यांची स्थळे साध्या रेल्वेगाड्यांनी फिरून पाहिली.

प्रथम थोडी कालगणना देणे आवश्यक आहे. कोरियात धम्माचा राजमान्य प्रवेश उत्तरेकडील गोगुर्यो राज्यात इ. स. ३७२ मध्ये, नैऋत्येकडील बेक्जे राज्यात ३८४ मध्ये आणि आग्नेयेकडील सिल्ला राज्यात सर्वांत उशिरा, म्हणजे ५२७ मध्ये झाला असे मानले जाते. बेक्जेमध्ये धम्म नेणारा मारानांता हा भिक्खू चीनमार्गे आलेला परदेशी होता. दक्षिण किनाऱ्यावर गाया नावाची छोटी राज्ये होती. त्यांतील गिम्हे येथील राज्य ५३२ मध्ये सिल्लाच्या स्वाधीन झाले. (बिहारमधील गयेशी या नावाची गल्लत वाचकांनी करू नये.) पुढे सिल्लाने चीनच्या तांग साम्राज्याच्या साहाय्याने ६६० मध्ये बेक्जे आणि ६६८ मध्ये गोगुर्यो जिंकले. गोगुर्योची प्रमुख स्थळे आज उत्तर कोरियात व चीनमध्ये असल्यामुळे ती आमच्या मार्गावर नव्हती.

साध्या गाड्यांचा आग्रह आम्ही काटकसरीसाठी धरला नव्हता. कोरियाचे लोहमार्ग हे त्या देशाच्या अर्वाचीन इतिहासाचे एक साधन आहे. त्यांतील कित्येक जपानी सत्तेच्या काळात, म्हणजे १९१० ते १९४५ या अवधीत टाकले गेले. ते कोठून नेले आणि कशावरून नेले हे पाहिले की परकी सत्ता जितांच्या वारशाकडे कोणत्या दृष्टीने पाहते याचा उलगडा होतो. सोल नगरीच्या चॉंगन्यांगनी स्थानकातून निघणारा जुंगांग मार्ग डोंगरांतून आन्दोंगला जातो. तेथे सिल्लाकालीन विटांचा सात मजली स्तूपमनोरा आहे, उंची सुमारे १७ मीटर. त्याच्या अगदी शेजारून १९४२ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग जात असे, आणि त्याच मार्गाने लगतच्या इम्चॉंग्गाक या जुन्या वाड्याचाही भाग तोडला होता. तो वाडा यी सांग-र्योंग या स्वातंत्र्यसेनानीच्या घराण्याचा. डिसेंबर २०२० मध्ये मार्ग दुसरीकडे वळविण्यात आला. गाड्यांच्या हादऱ्यांत जवळजवळ आठ दशके काढलेला तो मनोरा किंचित झुकला आहे, पण उभा आहे.

आन्दोंगहून हाच मार्ग पुढे ग्योंग्जूकडे उतरतो. ग्योंग्जू ही सिल्लाची राजधानी. सुमारे हजार वर्षे एकाच राज्याची राजधानी राहिलेली नगरे जगात फार थोडी असतील. आता गाडी शहराच्या पश्चिमेस, गावापासून बऱ्याच दूर थांबते. १९१८ साली अरुंद रुळांची गाडी जेथे आली ते जुने स्थानक आणि बुल्गुक्सा विहाराजवळचे छोटे स्थानक ही दोन्ही २८ डिसेंबर २०२१ रोजी बंद झाली. प्रवाशाच्या दृष्टीने ही गैरसोय आहे, कारण जुन्या स्थानकातून बाहेर पडताच राजांच्या थडग्यांपर्यंत पायी जाता येत असे. तरीही ही गैरसोय आम्हास स्वागतार्ह वाटली. त्याचे कारण पुढे येईल. जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता सांस्कृतिक केंद्र आहे. तिच्यासमोरील पटांगणात तीन मजली दगडी स्तूपमनोरा उभा आहे. एका उद्ध्वस्त विहारात कोसळून पडलेला हा मनोरा १९३६ मध्ये उचलून स्थानकाच्या शोभेसाठी येथे आणला गेला. ज्यांनी वारसा तोडला त्यांनीच तो शोभेची वस्तू म्हणून मांडला, हे दृश्य आपल्या वाचकांस अपरिचित वाटू नये.

या स्थानकाची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२६ मध्ये येथे इंजिनांच्या आगारासाठी भराव घालायचा होता. माती हवी होती, आणि ती शहरातील एका प्राचीन थडग्याच्या टेकाडातून काढण्यात आली. त्या निमित्ताने उत्खनन झाले आणि आतून सोन्याचा मुकुट निघाला. पुरातत्त्वाची आवड असलेला स्वीडनचा युवराज गुस्ताफ आडोल्फ त्या वेळी आशियाच्या दौऱ्यावर होता. त्याला या उत्खननात सहभागी करून घेण्यात आले. आज त्या थडग्यास सॉबोंग्चोंग म्हणतात. त्यातील ‘सॉ’ हे अक्षर स्वीडनच्या चिनी नावातून घेतलेले आहे. सिल्लाच्या राजकुळातील कोणा व्यक्तीचे थडगे, ते फोडण्याचे कारण रेल्वेचा भराव, आणि नाव एका युरोपीय पाहुण्याच्या देशाचे! आपल्याकडे बिहारमधील सुलतानगंज येथे १८६१-६२ च्या सुमारास रेल्वेच्या कामात सापडलेली तथागतांची भव्य ताम्रमूर्ती इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला गेली आणि ती आजही तेथेच आहे, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

जुना लोहमार्ग शहरातून दक्षिणेकडे वळताना राजवाड्याच्या तलावाला घासून जाई आणि नांग्सान टेकडीच्या पायथ्याशी साचॉन्वांग्सा या विहाराच्या अवशेषांना कापून जाई. साचॉन्वांग म्हणजे ‘चार देवराज’. पालि वाङ्मयाशी परिचित असलेल्यांना ते ओळखू येतील : दीघनिकायातील आटानाटिय सुत्तात येणारे धतरट्ठ, विरूळ्हक, विरूपक्ख आणि कुवेर हेच ते चातुम्महाराजिक. सिल्लाने तांग साम्राज्याच्या मदतीने दोन्ही शेजारी जिंकले खरे, पण मग तांग सैन्य परत जाईना. तेव्हा म्योंग्नांग नावाच्या भिक्खूने येथे ‘मुन्दुरू’ विधी केला आणि तांग आरमार बुडाले, अशी आख्यायिका आहे. ‘मुन्दुरू’ हा ‘मुद्रा’ या आपल्या शब्दाचाच चिनी लिपीतून फिरून आलेला उच्चार होय. विहार ६७९ मध्ये पूर्ण झाला. आरमार वादळाने बुडाले की सिल्लाच्या लढवय्यांनी बुडविले, हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. आम्हास महत्त्वाचे वाटते ते असे की, साम्राज्याच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या एका लहान देशाने आपल्या संरक्षणासाठी सुत्तांतील देवतांना साद घातली. त्याच विहाराच्या उत्तर भागावरून जपानी सत्तेने रूळ नेले. २००६ पासूनच्या उत्खननात तेथे दोन लाकडी स्तूपमनोऱ्यांची जोती आणि त्यांवर बसविलेल्या हिरव्या झिलईच्या मृत्तिकाफलकांचे तुकडे मिळाले. फलकांवर राक्षसांना पायाखाली घेऊन बसलेले चिलखतधारी रक्षक आहेत. परंतु त्यांचे प्रकार चार नसून तीनच निघाले! मग हे चार देवराज म्हणावयाचे की दुसरे कोणी रक्षक, यावर अभ्यासकांत वाद आहे. रूळ उचलले गेल्याने हे स्थळ आता पुन्हा सलग झाले आहे. स्थानक दूर गेल्याचे आम्ही स्वागत का केले ते वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

परंतु सिल्लाचा सर्वच वारसा डोळे मिटून गौरविण्याजोगा नाही. या राज्यात ‘अस्थिश्रेणी’ची, म्हणजे जन्मावरून ठरणाऱ्या दर्जाची कडक व्यवस्था होती. कोणती अधिकारपदे मिळावीत, कोणते वस्त्र ल्यावे, घराची खोली किती फूट रुंद असावी, हे सर्व जन्माने ठरे. राजकुळाच्या श्रेणीस २४ फूट, तिच्याखालील श्रेणींस २१ आणि १८, आणि सर्वांत खालच्या श्रेणीस व सामान्य प्रजेस १५ फूट! धम्म आला म्हणून ही व्यवस्था मोडली नाही. उलट राजघराण्याने धम्माचा उपयोग आपल्या रक्ताचा महिमा वाढविण्यासाठी केला. सहाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या जिन्प्योंग राजाचे व्यक्तिनाम शुद्धोदनाचे होते आणि त्याच्या राणीचे नाव माया होते. तेराव्या शतकात भिक्खू इर्यॉन याने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात तर, सिल्लाचा राजा भारतातील क्षत्रिय वंशाचा आहे, असे मंजुश्रीच्या तोंडून वदविले आहे. वासेट्ठ आणि अस्सलायन या सुत्तांतून ज्यांनी जन्मश्रेष्ठतेचा पाया खणून काढला, त्या भगवंतांच्या नावाचाच आधार घेऊन दूरच्या एका दरबाराने वर्णाचे बिरुद मिरवावे, यापरता विपर्यास कोणता? तो सिल्लाचा एकट्याचा दोष मात्र नव्हे. जेथे जेथे धम्म राजाश्रयाने वाढला तेथे तेथे राजाने त्याला आपल्या मापाचा अंगरखा शिवला आहे.

याची दुसरी बाजू पाहावयाची तर ह्वांगन्योंगसा आणि बुन्ह्वांग्सा या शेजारी शेजारी असलेल्या विहारांकडे वळले पाहिजे. ह्वांगन्योंगसाचा नऊ मजली लाकडी मनोरा सॉन्दॉक राणीच्या कारकिर्दीत, ६४५ मध्ये पुरा झाला. त्याची उंची सुमारे ८० मीटर होती असे नोंदींवरून दिसते, आणि तो बांधणारा स्थपती शत्रुराज्य असलेल्या बेक्जेचा होता. १२३८ मध्ये मंगोल स्वारीत तो जळाला. आज केवळ पायाचे दगड आणि मूर्तींची जोती उरली आहेत. येथील महामूर्तीविषयी ‘सामगुक युसा’त अशी दंतकथा आहे की, सम्राट अशोकाने बुद्धमूर्ती ओतविण्याचे अनेक प्रयत्न केले, पण यश येईना, तेव्हा त्याने लोखंड व सोने नमुन्याच्या मूर्तींसह जहाजात घालून समुद्रावर सोडून दिले. ते जहाज फिरत फिरत सिल्लाच्या किनाऱ्यास लागले आणि ५७४ मध्ये मूर्ती ओतली गेली. अशोक आणि सिल्ला यांत आठशे वर्षांचे अंतर आहे, तेव्हा हा इतिहास नव्हे हे उघड आहे. तथापि ही दंतकथा निराळ्या जातीची आहे. हिच्यात भारतातून रक्त येत नाही, येते ते अपुरे राहिलेले कार्य.

बुन्ह्वांग्सा हा ६३४ चा, त्याच राणीच्या काळातला विहार. विटांसारखे घडविलेले दगड रचून बांधलेला त्याचा मनोरा अंशतः शिल्लक आहे. वोन्ह्यो (६१७-६८६) हा कोरियाचा थोर भाष्यकार या विहाराशी निगडित होता. त्याने मोठमोठे ग्रंथ लिहिले, आणि मग चीवर सोडून भोपळ्याचे भांडे वाजवीत, नाचत, गात तो खेडोपाडी हिंडला. निरक्षर गरिबांच्या तोंडी बुद्धाचे नाव त्याच्यामुळे गेले असे ‘सामगुक युसा’ सांगते. ८० मीटरचा मनोरा आणि भोपळ्याचे भांडे एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर होते. बोधगयेस जाणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावे की, तेथे २०२२ मध्ये कोरियाच्या जोग्ये संघाने उभारलेल्या विहाराचे नाव बुन्ह्वांग्सा हेच आहे.

बोधगयेचा खरा दुवा सापडतो तो मात्र तोहाम्सान पर्वतावरील सॉक्कुराम लेणीत. लेणी हा शब्द आम्ही सवयीने वापरला. कार्ले किंवा अजिंठा येथे डोंगर कोरला आहे. तेथील ग्रॅनाइट इतका कठीण की तसे कोरणे दुष्कर, म्हणून सिल्लाच्या शिल्पींनी घडीव शिळा रचून घुमटाकार गर्भगृह बांधले आणि त्यावर माती घालून लेणे निर्माण केले. काम ७५१ मध्ये सुरू झाले. आतील बुद्धमूर्ती सुमारे साडेतीन मीटर उंचीची, भूमिस्पर्श मुद्रेतील आहे. ह्युएन त्संगाने बोधगयेच्या महाबोधी विहारातील मूर्तीची मापे आपल्या ग्रंथात नोंदली होती : उंची ११ फूट ५ इंच, गुडघ्यांमधील रुंदी ८ फूट ८ इंच, खांदे ६ फूट २ इंच (हे फूट व इंच अर्थातच तांगकालीन चिनी मापाचे). कला-इतिहासकार कांग वू-बांग यांनी दाखवून दिले की सॉक्कुरामची मूर्ती याच मापांची आहे. म्हणजे बोधगयेची ती मूळ मूर्ती काळाच्या ओघात नाहीशी झाली, पण तिचे माप एका यात्रेकरूच्या वहीतून हजारो मैल प्रवास करून कोरियाच्या डोंगरात पाषाणरूपाने टिकले. जपानी सत्तेने १९१३ ते १९१५ मध्ये डागडुजी करताना सभोवती काँक्रीट ओतले. त्यामुळे आत दमटपणा धरला आणि पुढची कित्येक दशके ते दुखणे निस्तरण्यात गेली. आज दर्शन काचेआडून घ्यावे लागते.

हीच वाट उलट दिशेने चालून येणारा ह्येचो सॉक्कुरामच्या आधी एक पिढी होऊन गेला. विशीच्या सुमारास तो सागरमार्गे भारतात आला, मध्य, दक्षिण, पश्चिम व उत्तर भारत फिरून मध्य आशियातून ७२७ मध्ये कुचा येथे पोहोचला. त्याच्या प्रवासग्रंथाची खंडित प्रत पॉल पेलिओ यांना १९०८ मध्ये दुन्हुआंगच्या लेण्यांत मिळाली. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कुशिनगर ओसाड पडले आहे, वस्ती नाही, अशी त्याची नोंद आहे. दक्षिण भारतात, जेव्हा दख्खनेवर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती, त्याने नागार्जुनाच्या नावाशी जोडलेला डोंगरातील एक भव्य विहार पाहिला, आणि तेथे एकही भिक्खू उरलेला नाही असे लिहून ठेवले. आपल्या भूमीवर धम्माचा दिवा मंदावत असताना त्याची नोंद करणाऱ्यांत हा परदेशी तरुण होता. तो मायदेशी कधीच परतला नाही. चीनमध्ये वज्रबोधी व अमोघवज्र यांच्या परंपरेत राहून तेथेच त्याचा अंत झाला.

ग्योंग्जूहून दक्षिणेकडील गाडीने उल्सानच्या ताएह्वागांग स्थानकात यावे. तेथून बूसानच्या बूजॉन स्थानकापर्यंत लोकल आहे. मग मेट्रोने सासांग, आणि सासांगहून गिम्हेची चालकविरहित छोटी गाडी. ती २०११ पासून खांबांवरून धावते. सुरो राजाच्या समाधीचे तिचे स्वतंत्र स्थानकच आहे. राजकन्येची कथा या गावची. तिचे नाव हो ह्वांग-ओक, ती इ. स. ४८ मध्ये ‘आयुता’ देशाहून आली, असे ‘सामगुक युसा’तील गाराक राज्याच्या वृत्तान्तात आहे. तो वृत्तान्त मूळ अकराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर हजार वर्षांचा. तिच्या समाधीजवळ, समुद्र शांत राहावा म्हणून तिने जहाजातून आणलेले म्हणून दाखविले जाणारे लालसर झाकेचे, झिजलेले दगड एकावर एक रचलेले आहेत. त्यांस पासा स्तूप म्हणतात.

‘आयुता’ म्हणजे अयोध्या हे समीकरण ध्वनिसाम्यावर उभे आहे. पालि साहित्यात कोसलातील महानगर म्हणून येते ते साकेत; महापरिनिब्बान सुत्तात आनंदाने सांगितलेल्या सहा महानगरांत साकेत आहे, अयोध्या नाही. ‘अयोज्झा’ हे नाव संयुत्तनिकायातील फेणसुत्तात येते, परंतु तेथे ते नगर गंगेच्या काठी आहे, शरयूच्या नव्हे! साकेतास अयोध्या हे नाव गुप्तकाळाच्या सुमारास रूढ झाले असे अनेक इतिहासकार मानतात. तेव्हा पहिल्या शतकातील राजकन्येने आपल्या नगरीचे नाव अयोध्या म्हणून सांगितले असेल हे संभवत नाही. स्वतः इर्यॉन अधिक सावध होता. त्या काळी या भूमीत बुद्धशासन पोहोचले नव्हते, लोकांची श्रद्धा नव्हती, आणि राणीच्या नावाचा विहार ४५२ मध्ये झाला, असे तो पासा स्तूपाविषयी लिहितो. गिम्हेच्या देसॉंग-दोंग टेकडीवरील थडग्यांत लोखंड, चिलखते, घोड्यांचा सरंजाम मिळाला; त्या वस्तूंचे धागे उत्तरेकडील अश्वारूढ टोळ्यांकडे आणि जपानकडे जातात. असे असता २००१ मध्ये अयोध्येत तिचे स्मारक उभे राहिले आणि २०१८ मध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी त्याच्या विस्ताराच्या समारंभास आल्या. दोन राष्ट्रांचा स्नेह वाढत असेल तर आमची त्याला हरकत नाही. परंतु भारताने कोरियाला काय दिले या प्रश्नाचे उत्तर ‘राजकुळाचे रक्त’ असे दिले जाऊ लागले, तर जिन्प्योंग राजाच्या दरबारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

बूजॉनहून पश्चिमेस जाणारा ग्योंग्जॉन मार्ग जिंजूवरून सुनचॉनला जातो. भातखाचरे, बांबूची बने, लहान स्थानके. सुनचॉनला गाडी बदलून जॉल्ला मार्गाने उत्तरेकडे गेले की इक्सान येते, आणि आपण बेक्जेच्या भूमीत असतो. येथील मिरुक्सा विहार मैत्रेयाचा, पालितील मेत्तेय्याचा. त्याविषयीही ‘सामगुक युसा’त एक गोड कथा आहे. कंदमुळे विकणाऱ्या एका मुलाने युक्तीने गाणे पसरवून सिल्लाची राजकन्या सॉन्ह्वा हिला मिळविले. तोच पुढे बेक्जेचा मू राजा झाला, आणि तळ्यातून मैत्रेय प्रकट झाल्याचे पाहून राणीच्या इच्छेने हा विहार बांधला गेला. कोरियातील मुलांना ही प्रेमकथा पाठ असते.

विहाराच्या पश्चिमेकडील दगडी मनोरा अर्धवट कोसळलेला होता. १९१५ मध्ये त्याच्या भगदाडावर जपानी अभियंत्यांनी काँक्रीट थापले. शतकाच्या शेवटी तो पूर्ण उतरवून पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले गेले. जानेवारी २००९ मध्ये पहिल्या मजल्याच्या मध्यस्तंभात धातुकरंडक आणि सोन्याचा लेखपत्र सापडला. त्यात ६३९ हे वर्ष येते, आणि दान देणाऱ्या राणीचा परिचयही. ती सिल्लाची राजकन्या नव्हती. ती बेक्जेच्याच सातेक जॉक्दॉक या सर्वोच्च अधिकाऱ्याची कन्या होती. राजाला एकाहून अधिक राण्या असाव्यात अशी तडजोड काहींनी सुचविली आहे, आणि ती अशक्य नाही. पण लेख जे सांगतो ते लपविले गेले नाही, जनतेच्या आवडत्या कथेला धक्का बसत असूनही ते तत्काळ प्रसिद्ध झाले.

पूर्वेकडील मनोरा १९९३ मध्ये नव्या, यंत्राने कापलेल्या दगडांत नऊ मजले चढवून उभारला गेला. तो गुळगुळीत, पांढरा, आणि आमच्या मते निर्जीव आहे. कोरियातही त्यावर पुष्कळ टीका झाली. त्या अनुभवातून शहाणे होऊन पश्चिमेकडील मनोऱ्यावरील १८५ टन काँक्रीट हाताने फोडून काढले गेले, जुने दगड शक्य तितके पुन्हा वापरले गेले, आणि २०१९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला तेव्हा त्याचे सहाच मजले, तेही एका बाजूस तुटलेले, ठेवण्यात आले. वरचे मजले कसे होते याचा पुरावा नाही, म्हणून ते बांधले नाहीत. धातुकरंडक आणि सुवर्णलेख विहाराच्या आवारातच, २०२० मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इक्सान स्थानकातून तेथे शहर बस जाते.